आधी घार, मग गरुड: बडोद्याच्या नवख्या छायाचित्रकारांसाठी

मोठी लेन्स नुकतीच हातात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "काका, वढवाण्याच्या तळ्यावर मत्स्यगरुड नक्की कुठे बसतो?" बसण्याची जागा सांगता येईल हो, पण तिचा उपयोग काय? पल्लासचा मत्स्यगरुड जगभरात धोक्यात आलेला पक्षी आहे. तो दिसला तरी माऱ्याच्या अंतरात जेमतेम काही सेकंद असतो. तेवढ्यात शटर किती ठेवायचा, फोकसचा चौकोन कुठे आहे, असले विचार सुरू झाले की हाती लागते ते दूर जाणारे शेपूट. म्हणून हा लेख उलट्या टोकाने सुरू होतो. सुरुवात रोजच्या घारीपासून करायची, मग कापशी ही छोटी घार, मग दलदली भोवत्या हा पाणथळीवरचा शिकारी पक्षी, आणि दुर्मिळ पक्ष्यांकडे सगळ्यात शेवटी वळायचे. या सगळ्यांत एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची, ती म्हणजे वारा. चांगला कॅमेरा विकत मिळतो. वारा मात्र रोज नव्याने वाचावा लागतो, आणि उडत्या शिकाऱ्याचे चित्र जमणार की नाही हे निम्म्याहून अधिक त्यावरच ठरते.

साहित्य, थोडक्यात

४०० मिलिमीटरपेक्षा कमी लेन्सने शिकारी पक्ष्यांच्या मागे लागणे निराशेचे आहे. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, निकॉनची २००-५००, सोनीची २००-६००, कॅननची १००-५०० यांपैकी कुठलीही चालेल. यातल्या बऱ्याच दोन किलोच्या आसपास भरतात, म्हणून विकत घेण्याआधी एखादा शनिवार-रविवार भाड्याने आणून खांद्यावर वागवून पाहा. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरचा कॅमेरा असेल तर कमीपणा मानू नका. ६०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ९०० किंवा त्याहून जास्त असल्यासारखी चित्रचौकट देते. मेमरी कार्ड वेगवान घ्या, नाहीतर नेमक्या क्षणी कॅमेरा आधीचे फोटो साठवत बसतो. ट्रायपॉड घरी ठेवा. डोक्यावरून फिरणाऱ्या पक्ष्यामागे वळताना तो पायात येतो. हात फारच दुखत असतील तर एका पायाचा मोनोपॉड बरा.

पहिली पायरी: गच्चीवरची घार

बडोद्यात घारीला तोटा नाही. मटण-मासळीच्या बाजाराजवळ तर त्या हाताच्या अंतरावरून झेप घेतात. सकाळी नऊनंतर जमीन तापायला लागली की त्या गोल फिरत वर चढतात. आपली गच्ची यासाठी उत्तम.

पहिले काही दिवस शटर दाबायचाच नाही. घार व्ह्यूफाइंडरमध्ये आणायची, मधोमध धरायची आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत बाहेर जाऊ द्यायची नाही. ऐकायला सोपे वाटते, पण ६०० वर झूम असताना आभाळात घार सापडणेच मुश्किल होते. यावर उपाय असा: आधी झूम २०० किंवा ३०० वर आणा, पक्षी पकडा, मग त्याच्यावरची नजर न हलवता झूम वाढवा. दुसरा डोळा उघडाच ठेवायची सवय लावा. पक्षी चौकटीतून निसटला तर तो कुठे गेला हे त्या उघड्या डोळ्याला दिसते. फोकस आधीच साधारण त्या अंतरावर आणून ठेवा. समोरच्या इमारतीची टाकी किंवा झाडाचा शेंडा यासाठी चालतो. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारे बटण असेल तर ते दूरच्या टप्प्यावर सरकवा, म्हणजे लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन शोधत बसणार नाही.

उभे कसे राहायचे हे कुणी शिकवत नाही, म्हणून इथे सांगतो. पक्षी डावीकडून येऊन उजवीकडे जाणार असेल तर पाय उजवीकडे रोखून उभे राहा आणि कंबरेतून डावीकडे वळा. पक्षी पुढे सरकेल तसे शरीर आपोआप सुटत जाते आणि सर्वांत महत्त्वाच्या क्षणी, म्हणजे तो अगदी समोर आल्यावर, तुम्ही सगळ्यात स्थिर असता. उलट केले तर नेमक्या तिथेच शरीर अडकते. डावा हात लेन्सच्या खाली आणि पुढे, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेले.

आणि घारीची शेपटी बघा. दुभंगलेल्या शेपटीला आधी पीळ पडतो, मग घार वळते. हे एकदा डोळ्यांत बसले की वळण येण्याआधीच तुमचा हात वळायला लागतो. ही पूर्वसूचना वाचण्याची सवय पुढे प्रत्येक पक्ष्याच्या बाबतीत कामाला येते.

कॅमेऱ्याची जुळणी

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. कॅननवर त्याला सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. पक्ष्याचा डोळा ओळखणारा नवा मिररलेस कॅमेरा असेल तर ती सोय चालू करा. मोकळ्या आभाळासाठी फोकसचे क्षेत्र मोठे चालते. मागे पाणकणीस किंवा बाभळी असतील तर मात्र लहान क्षेत्र घ्या, नाहीतर कॅमेरा पक्षी सोडून गवतावर जातो. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिला तर आणखी बरे. अंगठा फोकस सांभाळतो, तर्जनी फक्त टिपते. सवय व्हायला आठवडा जातो, मग परत जावेसे वाटत नाही.

शटर १/२००० सेकंदापासून सुरू करा. निवांत घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला १/१२५० पुरतो, झडप घालणाऱ्याला १/३२०० सुद्धा कमी पडू शकतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र, तुमच्या लेन्सचे सर्वांत मोठे किंवा त्याच्या जरासे अलीकडचे, एफ/५.६ ते एफ/७.१. हिवाळ्यातल्या सकाळच्या स्वच्छ उन्हात १/२००० आणि एफ/६.३ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) साधारण ६४० ते ८०० लागतो, ऊन चढले की ४०० वर येतो.

एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोडायचा की आपण ठरवायचा, यावर आमच्यात वाद होतात. माझे मत स्पष्ट आहे: ऊन स्वच्छ आणि स्थिर असेल तर सगळे मॅन्युअल. भोवत्या एका क्षणी आभाळासमोर असतो, दुसऱ्या क्षणी काळपट गवतासमोर. त्याच्यावर पडणारे ऊन तेच असते, बदलते ती फक्त पार्श्वभूमी. कॅमेरा ऑटोवर असला की पार्श्वभूमीला भुलतो. आभाळासमोर पक्षी काळा कोळसा करतो आणि गवतासमोर त्याचे पांढरे भाग जाळतो. मॅन्युअलमध्ये एकदा उन्हातल्या वाळल्या गवतावर जुळणी केली, दोन-चार फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहिला, की ऊन बदलेपर्यंत हात लावायची गरज नाही. ढगांचा लपंडाव चालू असेल तेव्हा मात्र शटर आणि ॲपर्चर आपले, आयएसओ ऑटो, आणि पांढऱ्या आभाळासमोर एक्सपोजरची भरपाई +१ च्या आसपास. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच ठेवा, पंखाखालची सावली उजळायला तीच उपयोगी पडते.

दुसरी पायरी: डभोई रस्त्यावरची कापशी

शहर सोडून डभोईच्या दिशेने निघाले की शेताकडेच्या तारांवर आणि बोडक्या झाडांवर कापशी दिसू लागते. राखाडी-पांढरे अंग, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे. दुर्मिळ अजिबात नाही, पण शिकवते फार. ती हवेत एका जागी पंख मारत थांबते, आणि थांबताना तोंड नेहमी वाऱ्याकडे. म्हणजे वारा तुमच्या पाठीवरून येत असेल तर तिचे तोंड तुमच्याकडे येते. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर दिसेल फक्त पाठ. हा धडा गरुडालाही लागू आहे: शिकारी पक्षी शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध उडी घेतो आणि वाऱ्याच्या विरुद्धच उतरतो.

गाडीतून उतरू नका. गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, दोन पायांच्या माणसाला बिचकतात. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, खिडकीच्या काचेवर उशी किंवा तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. तापलेल्या बॉनेटवरून मात्र फोटो काढू नका, तिथली गरम हवा चित्र विरघळवते. तारेवरची कापशी उडण्याआधी थोडी पुढे झुकते, शेपूट उचलते, बऱ्याचदा विष्ठा टाकते. ती टाकली की बोट शटरवर. उंदीर मिळो न मिळो, ती पुष्कळदा त्याच तारेवर परतते, त्यामुळे एक संधी हुकली तर दुसरी मिळते.

तिसरी पायरी: वढवाणा

सयाजीरावांच्या काळात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बडोदे संस्थानाने हे तळे बांधले. २०२१ साली ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. डभोईमार्गे तासा-सव्वा तासाचा रस्ता आहे. नोव्हेंबरपासून बदके, वारकरी (कूट नावाचे काळे पाणपक्षी), हंसांचे थवे भरतात आणि त्यांच्यामागोमाग शिकारी येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी वनखात्याकडे चौकशी करून निघा. मळकट रंगाचे कपडे घाला. तो भगवा विंडचीटर गाडीतच राहू द्या.

आता वाऱ्याचा हिशेब. गुजरातेत हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर किंवा ईशान्येकडून येतो, आणि सूर्य आग्नेयेकडून उगवतो. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात तर सूर्य डाव्या खांद्यामागे आणि वारा उजव्या खांद्यामागे येतो. पक्षी वाऱ्यावर स्वार व्हायला ईशान्येकडे तोंड करून येणार, म्हणजे तिरका तुमच्या दिशेने, आणि त्याच्या चेहऱ्यावर ऊन. संध्याकाळी हे गणित मोडते. सूर्य नैर्ऋत्येला गेलेला, त्याला पाठीशी घ्यायचे तर तोंड ईशान्येकडे करावे लागते, आणि मग उजेड चांगला असूनही पक्षी तुमच्यापासून दूर जाताना दिसतो. म्हणून वढवाण्याला सकाळ. मुठीतली चिमूटभर वाळलेली माती सोडून वारा पाहा, बांधावर पोहोचल्यावर दर तासाला. वारा फिरला असेल तर जागा बदला.

पोहोचल्याबरोबर फोटो सुरू करू नका. अर्धा तास नुसते बघा. दलदली भोवत्या पाणकणसाच्या कडेने खालून, पंख व्ही आकारात धरून, संथ गस्त घालतो. एकदा गेला की काही वेळाने बहुधा त्याच कडेने परत येतो. त्याची वाट ठरली की तुम्ही त्या वाटेच्या अलीकडे, ऊन-वारा जुळणाऱ्या जागी जाऊन बसा. पाठलाग करत बांधावर पळणारा छायाचित्रकार सगळ्या तळ्याला त्रास देतो आणि त्याच्या कार्डावर फक्त शेपट्या असतात.

शिकारी दिसण्याआधी त्याची बातमी येते. वारकऱ्यांचा कळप अचानक एकत्र गोळा होऊन पाण्यावर धावायला लागला, बदके एका झपाट्यात उठली, टिटव्यांनी ओरडा केला, की बदकांचे फोटो काढण्याचा मोह आवरा आणि त्यांच्या वर, मागे पाहा. कावळे किंवा कोतवाल एखाद्या मोठ्या पक्ष्याच्या अंगावर जात असतील तर तोच तुमचा गिऱ्हाईक. बहिरी ससाणा आला तर सुरुवातीला मन शांत ठेवून नुसता बघा. सुळकी मारताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि तो चौकटीत सापडणे हे नवख्याचे काम नव्हे.

ऑस्प्रे मात्र नवख्याला संधी देतो. पोटाखालून पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी, मनगटात मोडलेले लांब पंख. तो पाण्यावर वाऱ्याकडे तोंड करून थांबतो, मग पाय पुढे करून कोसळतो. कोसळतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. माझा सल्ला, तो सोडा, त्यानंतरचा घ्या. मासा पकडून तो पाण्यातून वर येतो तेव्हा जड असतो, हळू असतो, आणि थोड्या उंचीवर पोहोचल्यावर हवेतच अंग झटकून पाणी उडवतो. मग माशाचे तोंड पुढे राहील असा तो पंजात फिरवून धरतो. हे सगळे होईपर्यंत तुम्हाला फोकस पकडायला भरपूर वेळ मिळतो. पांढऱ्या पोटासाठी एक्सपोजर थोडा खाली ठेवा.

आता तो गरुड. वढवाण्याच्या नोंदींत पल्लासचा मत्स्यगरुड आणि करड्या डोक्याचा मत्स्यगरुड दोन्ही आहेत. पल्लासचा गडद तपकिरी, डोके-मान फिकट, आणि शेपटीवर मधोमध रुंद पांढरा पट्टा. करड्या डोक्याच्याचे पोट पांढरे, शेपटी पांढरी आणि तिच्या टोकाला काळा पट्टा. हे दोन्ही तासन्‌तास बसून राहणारे पक्षी आहेत. दूरच्या झाडावर बसलेला दिसला की जवळ जायचा विचार येणारच. जाऊ नका. तुम्ही जवळ गेलात तर तो उडेल खरा, पण तुमच्यापासून दूर, पाठ करून, आणि त्याची शिकारीची जागा सोडून. त्याऐवजी बघा तो कोणत्या पाण्याकडे तोंड करून बसला आहे, वारा कुठून आहे, आणि तो व ते पाणी यांच्या मध्ये ऊन पाठीवर येईल अशी जागा धरून थांबा. कधीकधी सकाळ तशीच जाते. थर्मासमधला चहा कामाला येतो, आणि परतीच्या वाटेवर बडोद्यात शेव-उसळ आहेच.

दहानंतर शेतांवरून आणि बांधावरून हवा थरथरायला लागते. मग कितीही भारी लेन्स असो, लांबचा पक्षी लोण्यासारखा दिसतो. पहाटेसुद्धा ऊबदार पाण्यावर थंड हवा असली की असेच होते. यावर उपाय एकच, अंतर कमी असलेल्या पक्ष्याची वाट बघणे. घरी फोटो कापून पक्षी मोठा करता येईल यावर विसंबू नका.

जमले तर वेळावदर

भावनगर जिल्ह्यातले वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान १९७६ साली झाले. तारापूर-वटामण चौकडीमार्गे चार-साडेचार तास लागतात, म्हणून मुक्कामाच्या तयारीने जा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते बंद असते. हिवाळ्यात इथे भोवत्यांचा रात्रीचा निवारा असतो, जगातल्या मोठ्या निवाऱ्यांपैकी एक. माँटेग्यूचा, पांढुरका आणि दलदली असे तिन्ही भोवत्ये सूर्यास्ताआधीच्या तासाभरात गवतावर घिरट्या घालत उतरतात आणि जमिनीवर झोपतात. टोळ आणि नाकतोडे हे त्यांचे मोठे खाद्य.

इथे उजेड झपाट्याने उतरतो. १/१००० किंवा १/१२५० पर्यंत खाली या, आयएसओ १६०० ते ३२०० ला घाबरू नका. जास्त आयएसओमुळे फोटोत दाणे दिसले तर ते कमी करता येतात, हललेला पक्षी दुरुस्त होत नाही. माँटेग्यूचे आणि पांढुरक्याचे नर फार फिकट असतात, म्हणून त्यांचे पांढरे जळणार नाही याकडे लक्ष ठेवा. पांढुरक्याच्या नराच्या पंखाच्या टोकाला अरुंद काळी पाचर, माँटेग्यूच्या नराच्या पंखावर काळी आडवी रेघ. माद्या ओळखणे कठीण आहे. तिथे पंख वर आणि पंख खाली असे दोन्ही स्थितींतले फोटो घरी आल्यावर उपयोगी पडतात. गाडी रस्ता सोडून नेऊ नका. झोपायला उतरलेला पक्षी उठवला तर अंधारात त्याला दुसरी जागा शोधावी लागते.

काही गोष्टी ठणकावून

घरट्याजवळ जायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पक्ष्याची अंडी किंवा घरटी विस्कटणे शिकारीतच मोजले जाते. मासे, कोंबडीचे तुकडे टाकून पक्षी बोलावायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. गावातल्या माणसाला "समडी क्यां बेसे छे?" असे विचारलेत तर तो प्रेमाने सांगेल, पण शेतात पाऊल टाकण्याआधी त्याची परवानगी घ्या; कापूस आणि तूर त्याचे आहेत.

उत्तरायणाच्या दिवसांत, १४ आणि १५ जानेवारीला, बडोद्याच्या आभाळात मांजा असतो. घारी आणि गिधाडे त्यात अडकतात. त्या दोन दिवशी मी लेन्स कपाटात ठेवतो. पक्षी जखमी दिसला तर फोटोआधी १९६२ हा करुणा ॲम्ब्युलन्सचा क्रमांक लावा. सरकारचे करुणा अभियान त्या सुमारास, १० ते २० जानेवारीला चालते. मांजा स्वतः ओढून काढू नका, पंख कापला जातो.

घरी आल्यावर

हजार फोटो असतील तर ठेवायचे किती? डोळा स्पष्ट नसेल तर फोटो गेला, मग पंख कितीही सुंदर असोत. त्यानंतर डोक्याचा कोन पाहा. पक्ष्याचे तोंड तुमच्याकडे किंचित वळलेले असावे. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेले ठेवा, मधल्या स्थितीतले बहुतेक काढून टाकता येतात. पक्ष्याच्या पुढे चौकटीत मोकळी जागा सोडा, त्याला जायला जागा दिसली पाहिजे.

दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत मात्र हे निकष बाजूला ठेवा. धूसर, लहान, वाकडा, कसाही फोटो असो, तो काढून टाकू नका. शेपटीचा पट्टा, पंखाखालची रचना, डोक्याचा रंग दिसत असेल तर ती नोंद आहे आणि अभ्यासकांना तिचा उपयोग होतो. मूळ फाइल तशीच ठेवा, तारीख आणि वेळ बिघडवू नका, आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. समाजमाध्यमावर टाकण्याची घाई करू नका. पक्षी तिथे असेपर्यंत झाडाची खूण, बांधावरचा नेमका बिंदू वा नकाशाची लिंक देऊ नका. फोन आणि काही कॅमेऱ्यांच्या फाइलींमध्ये ठिकाण आपोआप नोंदले जाते, ते फोटो पाठवण्याआधी काढून टाका.